डोक्यातल्या धुक्याची झाडाझडती

एक छापील कागद. वरच्या ओळीत नऊ चिन्हं, प्रत्येक चिन्हाखाली एकेक आकडा. त्याखाली तीच चिन्हं उलटसुलट क्रमानं रांगेत मांडलेली, पण आकड्यांच्या चौकटी रिकाम्या. वर बघायचं आणि खाली आकडा भरायचा किंवा तोंडानं सांगायचा, नव्वद सेकंदांत जमतील तेवढे. ‘सिम्बॉल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट’ नावाची ही चाचणी १९७३ पासून वापरात आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचा मेंदू किती वेगानं काम करतो हे अजमावायला न्यूरॉलॉजिस्ट आजही पहिल्यांदा तिच्याकडेच वळतात. तिला पाठांतर लागत नाही, इंग्रजी लागत नाही, गणितही लागत नाही. लागतं ते फक्त लक्ष आणि चपळाई.

ऑटोइम्यून आजारांचे रुग्ण ‘ब्रेन फॉग’ म्हणून जी तक्रार करतात ती समजून घ्यायला हा कागद बरा पडतो. डोक्यातलं काही पुसलं गेलेलं नसतं, ते वेळेवर हाताशी येत नाही. दुकानात पैसे देताना यूपीआयचा पिन आठवत नाही आणि मागची रांग चुळबुळू लागते. कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या की चार, कळेनासं होतं. भाजीत मीठ दोनदा पडतं. बोलता बोलता रोजचा शब्द निसटतो आणि ‘ते हे, अगं ते’ यावर भागवावं लागतं. वाचलेलं पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावं लागतं. यातली एकेक गोष्ट कुणाच्याही घरी घडते. रुग्णाला धास्ती वाटते ती त्यांच्या गर्दीची. शिवाय दुपारनंतर असा थकवा येतो की धड वाक्य जुळवणंही नको होतं.

ही तक्रार एका आजाराची नाही. ल्युपस, शोग्रेन्स सिंड्रोम, मल्टिपल स्क्लेरोसिस, हाशिमोटो थायरॉइड, आपल्याकडे आमवात म्हणून ओळखला जाणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सिलिअ‍ॅक, सोरायसिसचा संधिवात या सगळ्यांत ती कमीजास्त प्रमाणात ऐकू येते. या आजारांमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते. बहुतेकांमध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. ल्युपसमध्ये दहातले नऊ रुग्ण बायका असतात. या प्रमाणाचा परिणाम धुक्याच्या इतिहासावरही झाला असावा असं मला वाटतं. तिशी-चाळिशीतली बाई ‘हल्ली काही सुचत नाही’ म्हणाली की ‘टेन्शन घेऊ नका, मन रमवा’ हे उत्तर तिच्या कानांवर किती वेळा पडलं असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

डॉक्टरांना याचा पत्ताच नव्हता असं मात्र नाही. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्टिन शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच मल्टिपल स्क्लेरोसिसच्या वर्णनात लिहून ठेवलं होतं की या रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते आणि विचार सावकाश आकार घेतात. पुढं हातपाय, डोळे आणि तोल यांच्या तपासणीत हे निरीक्षण बराच काळ मागं पडलं. आज या आजारातल्या ४० ते ६५ टक्के रुग्णांमध्ये चाचणीवर दिसेल इतका बौद्धिक परिणाम होतो, असं मानलं जातं. ल्युपसच्या बाबतीत अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं १९९९ मध्ये मेंदू, मज्जासंस्था आणि मनाशी संबंधित १९ विकारांची यादी केली. फीट, पक्षाघात, सायकोसिस यांच्या बरोबरीनं तिच्यात बौद्धिक कार्यातला बिघाडही आहे. पुढं २०१८ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा ३८ टक्के आला, म्हणजे ल्युपसच्या दर पाच रुग्णांमागं जवळपास दोन. कोविडनंतर ‘ब्रेन फॉग’ हे नाव घरोघरी पोचलं, पण ल्युपसचे रुग्ण ते त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते.

पहिला गुंता मोजण्यातच आहे. रुग्ण किती धुकं सांगतो आणि चाचणीत किती उतरतं, यांचा मेळ फारसा बसत नाही. काहींची तक्रार मोठी आणि गुण चांगले, काहींचं उलटं. तक्रारीचं नातं चाचणीच्या गुणांपेक्षा थकवा, वेदना आणि उदासी यांच्याशी जास्त घट्ट दिसतं. यावरून ‘म्हणजे हे मनाचंच’ असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि तो घाईचा आहे. चाचणी तुमची तुलना तुमच्या वयाच्या, तुमच्याइतकं शिकलेल्या चारचौघांशी करते. एखादी सनदी लेखापाल आजाराआधी शंभरातल्या पंचाण्णव जणांच्या पुढं होती आणि आता साठ जणांच्याच पुढं उरली, तर अहवालात ‘नॉर्मल’ असंच येणार. तिच्या फर्ममध्ये मार्चअखेरीला काय होतं ते अहवालाला दिसत नाही. शिवाय चाचणी होते शांत खोलीत, सकाळी, एका वेळी एकच काम देऊन. घरात गॅसवर दूध असतं, दाराची बेल वाजते, मुलगा वही पुढं करतो आणि फोनवर सासूबाई असतात.

मेंदूचं स्कॅनिंग करून पाहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सापडली. ल्युपसचे रुग्ण कधी कधी निरोगी माणसांइतकेच गुण मिळवतात, पण तेवढ्यासाठी मेंदूचा जास्त भाग कामाला लावतात. निकाल तोच, खर्च जास्त. बाहेरून सगळं ठीक दिसणारा माणूस संध्याकाळी का कोलमडतो, याचं मला हे सर्वांत पटणारं स्पष्टीकरण वाटतं.

आपल्याकडे यात भाषेच्या अडचणीची भर पडते. दवाखान्यात पटकन करता येणाऱ्या तीस गुणांच्या चाचण्या मुळात स्मृतिभ्रंश हुडकण्यासाठी बनल्या आहेत. आजचा वार सांगा, घड्याळ काढा, पाच शब्द लक्षात ठेवा. धुक्यातला चाळिशीचा माणूस त्या सहज पार करतो आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ हे प्रशस्तिपत्र घेऊन घरी येतो. बारकाईनं मोजणाऱ्या चाचण्यांना त्या त्या भाषेतली प्रमाणित आवृत्ती लागते. आयसीएमआरनं भारतीय भाषांसाठी अशा चाचण्यांचा संच तयार केला तेव्हा इंग्रजीशिवाय त्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषा होत्या. मराठी नव्हती.

आता, हे होतं कशामुळं? इथं विज्ञानानं गेल्या पंचवीस वर्षांत बरीच मजल मारली आहे, आणि तो भाग सावकाश वाचण्यासारखा आहे.

पहिली वाट प्रतिपिंडांची. अमेरिकेतल्या बेटी डायमंड यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं की ल्युपसमध्ये डीएनएविरुद्ध तयार होणारी काही प्रतिपिंडं मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टरलाही जाऊन चिकटतात. हा रिसेप्टर शिकणं आणि लक्षात ठेवणं यांच्या मुळाशी आहे. नंतरचे उंदरांवरचे प्रयोग जास्त बोलके ठरले. उंदरांच्या रक्तात ही प्रतिपिंडं भरपूर होती, तरी त्यांचं काही बिघडलं नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर शाबूत होता. मग जिवाणूंच्या कवचातला एक पदार्थ टोचून तो अडसर सैल केला, तेव्हा प्रतिपिंडं आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये शिरली आणि उंदरांची स्मृती बिघडली. तोच अडसर अ‍ॅड्रिनलिन देऊन उघडला, तेव्हा मार पडला तो भीती सांभाळणाऱ्या अमिग्डलावर. प्रतिपिंडं तीच होती, दार वेगळं उघडलं म्हणून इजा वेगळी झाली. उंदराची गोष्ट जशीच्या तशी माणसाला लावता येत नाही. तरीही साध्या तापानंतर किंवा घरातल्या एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर धुकं अचानक दाट झाल्याचं सांगणाऱ्या रुग्णाला ‘योगायोग असेल’ म्हणण्याआधी डॉक्टरनं हा प्रयोग आठवावा.

याच रिसेप्टरवर वेगळ्या प्रतिपिंडांनी थेट हल्ला केला की काय होतं, ते जोसेप दाल्माऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेल्या एन्सेफलायटिसमध्ये दिसतं. न्यूयॉर्कची पत्रकार सुझाना काहालन हिला तो झाला होता. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितल्यावर तिनं बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात कोंबले आणि त्यावरून निदानाची दिशा मिळाली. ते धुकं नव्हतं, वादळ होतं. ल्युपसच्या रुग्णानं तिचं ‘ब्रेन ऑन फायर’ वाचून घाबरून जाऊ नये. प्रतिकारयंत्रणेचा मेंदूशी इतका थेट संबंध येऊ शकतो, एवढंच त्यातून घ्यायचं.

दुसरी वाट दाहाची. अंगात ताप असताना गणितं सोडवावीशी वाटत नाहीत, माणसं नको वाटतात, पडून राहावंसं वाटतं. प्रतिकारपेशींनी सोडलेली इंटरल्युकिन, टीएनएफ, इंटरफेरॉन यांसारखी रसायनं मेंदूला हा निरोप देतात. संसर्गात हे उपयोगाचं असतं, कारण शक्ती वाचते. ऑटोइम्यून आजारात निरोप बंदच होत नाही. ही रसायनं मेंदूला मंदावतात याचा पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळाला. हिपॅटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा कुठलाही ऑटोइम्यून आजार नसलेल्या माणसांनाही थकवा, उदासी आणि बौद्धिक मंदपणा येत असे. बॉस्टनमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये ल्युपस असलेल्या उंदरांमध्ये दाखवलं की इंटरफेरॉनच्या प्रभावाखाली मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चेतापेशींमधले जोडच गिळू लागतात. इंटरफेरॉनचा मार्ग अडवणारं अ‍ॅनिफ्रोलुमॅब हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत ल्युपससाठी मंजूर झालं. ते धुक्यासाठी मंजूर झालेलं नाही, हे सांगायला हवं, कारण जाहिरात आणि आशा दोन्ही पुरावा येण्याची वाट बघत नाहीत.

तिसरी वाट रक्तवाहिन्यांची. लंडनच्या ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमचं वर्णन केलं. यात रक्त गोठण्याकडे कल असतो, वारंवार गर्भपात होतात, कधी मेंदूत बारीक गाठी अडकतात. अर्धशिशी आणि विसराळूपणा ही या रुग्णांची नेहमीची गाऱ्हाणी. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर चेतातंतूंवरचं आवरणच जागोजागी उडालेलं असतं, एमआरआयवर ते डाग दिसतात. लाँग कोविडचा ब्रेन फॉग असलेल्यांमध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर गळका झाल्याचं डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये खास एमआरआयनं दाखवलं. या सगळ्याला एकच नाव असलं तरी आतली यंत्रणा एक नाही, आणि म्हणून ‘ब्रेन फॉगवरचं औषध’ असं काही एक असण्याची शक्यताही कमी आहे.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास न ठेवणं ही जुनी चूक होती. आता दुसरी चूक रुजते आहे: विश्वास ठेवायचा, ‘हो, तुमच्या आजारात असं होतंच’ म्हणायचं आणि तिथंच थांबायचं. ऐकायला बरं वाटतं, पण रुग्णाचं नुकसान होतं. कारण ऑटोइम्यून आजार असलेल्या माणसाच्या धुक्यात मूळ आजाराबरोबरच सहज दुरुस्त होणाऱ्या गोष्टींचाही वाटा असतो, असं बऱ्याचदा निघतं. ती झाडाझडती घेतल्याशिवाय धुकं आजाराच्या खात्यावर लिहू नये.

पहिली झडती बी-१२ ची, आणि महाराष्ट्रात तर नक्कीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे तिन्ही गट त्यात होते. ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात ८१ टक्क्यांमध्ये. शाकाहार हे त्यामागचं मोठं कारण. हे निरोगी फिरणाऱ्या माणसांचे आकडे आहेत. त्यात ऑटोइम्यून आजाराची भर पडली की गणित आणखी बिघडतं. हाशिमोटो असलेल्यांमध्ये पर्निशियस अ‍ॅनिमिया जास्त आढळतो. तोही ऑटोइम्यूनच, जठरातल्या पेशींवर उलटलेला, त्यामुळं अन्नातलं बी-१२ शोषलंच जात नाही. वेदनाशामकांबरोबर ‘गॅसची गोळी’ म्हणून वर्षानुवर्षं चालू राहिलेली पॅन्टोप्राझोल आणि मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन, दोन्ही बी-१२ खाली आणतात. चाचणी एका रक्ताच्या नळीत होते आणि उपचारही स्वस्त आहे.

दुसरी थायरॉइडची. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइड मंद आढळला. थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं तर जवळपास २२ टक्क्यांमध्ये निघाली. ल्युपस किंवा आमवाताच्या रुग्णाला हाशिमोटोही असणं ही नवलाची गोष्ट नाही. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी ती कशी घेतली जाते ते एकदा पाहावं. थायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायचं आणि चहाला किमान अर्धा तास थांबायचं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी त्यापासून चार तास लांब. आपल्या घरांत उठल्या उठल्या चहा आणि मग एकाच मुठीत सगळ्या गोळ्या, हे इतकं सर्रास चालतं की थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा वर गेल्यावर डॉक्टर डोस वाढवतात आणि सवय तशीच राहते. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला तसं सांगावं, कारण त्यानं थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात. सगळे आकडे जागच्या जागी असूनही ज्यांचं धुकं हटत नाही असे रुग्णही आहेत, आणि त्यांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

मग औषधांची पिशवी टेबलावर पालथी करायची. स्टेरॉइडशिवाय अनेकांचा जीव वाचला नसता, पण ते डोक्यावर परिणाम करतं. बॉस्टनच्या १९७२ च्या एका अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्क्यांना मानसिक लक्षणं जाणवली, ८० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांपैकी १८.४ टक्क्यांना. वेदनेसाठी दिलेली प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन, झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन, अर्धशिशीसाठीची टोपिरामेट, खाजेसाठीच्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, या सगळ्या विचारांना जड करतात. एकेक गोळी वेगळ्या डॉक्टरनं दिलेली असते आणि बेरीज कोणीच केलेली नसते. यातली कुठलीही गोळी मनानं थांबवायची नाही, स्टेरॉइड तर अजिबातच नाही, पण यादी पुढं ठेवून ‘यातल्या कशानं हे होत असेल?’ असं विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे.

रक्तक्षय, रात्रीच्या वेदनेनं तुटलेली झोप, घोरण्यात अडकणारा श्वास आणि नैराश्य हे उरलेले नेहमीचे भागीदार. नैराश्याबद्दल एकच सांगतो. ते आहे असं म्हटल्यानं धुकं खोटं ठरत नाही. दाहाची रसायनं दोन्हीकडे हात घालतात, आणि नैराश्यावर उपचार केला की धुकंही विरळ झाल्याचा अनुभव बऱ्याच ठिकाणी येतो.

आहाराच्या बाबतीत एक आजार खरोखर वेगळा, तो म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळं आतड्याला इजा करणारा सिलिअ‍ॅक. मेलबर्नच्या संशोधकांनी नव्यानं निदान झालेल्या ११ रुग्णांना वर्षभर ग्लुटेनमुक्त आहारावर ठेवलं; आतड्याची जखम जसजशी भरत गेली तसतशी त्यांची बौद्धिक कामगिरी सुधारली. अभ्यास छोटा, पण दिशा स्पष्ट. उत्तर भारतात हा आजार जास्त आढळतो, दक्षिणेकडे फार कमी. ज्यांना तो आहे त्यांच्यासाठी ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात हे घरचंच ग्लुटेनमुक्त जेवण आहे (भाकरीचं पीठ गव्हाच्याच जात्यावर दळलेलं नसावं, एवढी काळजी घ्यायची). ज्यांना सिलिअ‍ॅक नाही त्यांनी पोळी सोडल्यानं ल्युपसचं धुकं जातं, असा ठोस पुरावा नाही.

‘इम्युनिटी वाढवा’ हा सल्ला तर या रुग्णांच्या बाबतीत उफराटाच म्हणायचा. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घरोघर गेले, आणि मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या मते, ऑटोइम्यूनकडे कल असलेल्यांमध्ये या वनस्पतीनं तो आजार उघड केला असावा. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद काही असो, ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच उलटली आहे त्यानं ती आणखी चेतवण्याआधी आपल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला विचारावं, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य व्हायला हरकत नाही.

उपचारांचा हिशेब फारसा उत्साह वाढवणारा नाही. एनएमडीए रिसेप्टरवर काम करणारं मेमँटिन ल्युपसच्या धुक्यावर चालेल अशी आशा होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या थकव्यावर वर्षानुवर्षं लिहून दिल्या जाणाऱ्या अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मेथिलफेनिडेट या तिन्हींची २०२१ मध्ये १४१ रुग्णांवर तुलना झाली, तिन्ही बिनऔषधी गोळीच्या पुढं गेल्या नाहीत, दुष्परिणाम मात्र जास्त. मेंदूचे व्यायाम आणि शरीराचा व्यायाम एकत्र केला तर? २०२३ मध्ये वाढत्या मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ३११ रुग्णांवर तेही करून पाहिलं, आणि अपेक्षित फरक दिसला नाही. सगळंच फोल गेलं असं मात्र नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना लक्षात ठेवायच्या गोष्टी चित्रात आणि गोष्टीत गुंफायला शिकवलं, आणि त्यांचं शिकणं खरोखर सुधारलं. किराण्याच्या दहा वस्तू पाठ करण्यापेक्षा त्या वस्तूंची एक विचित्र गोष्ट रचली तर त्या टिकतात. मूळ आजार काबूत ठेवणं हा मात्र सगळ्यांचा पाया. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नियमित घेतली तर आजार उसळण्याचं प्रमाण घटतं, आणि आजार उसळला की धुकंही दाटतं. नियमित चालणं थकव्यावर उपयोगी पडतं, त्यासाठी जिमची गरज नाही.

उरलेलं काम डोक्याबाहेर करायचं. फोनचा टायमर शिट्ट्या मोजतो. किल्ल्यांची जागा एकच, आणि ती घरातल्या सगळ्यांनी पाळायची. ल्युपस असलेल्या क्रिस्टीन मिझरँडिनो यांनी २००३ मध्ये एका मैत्रिणीला आपला आजार चमच्यांच्या हिशेबात समजावला: दिवसाला ठरावीक चमचे, प्रत्येक कामाला त्यातले काही खर्च, संपले की संपले. जगभरचे रुग्ण आज ती भाषा बोलतात. मराठी घरात खरी अडचण वेगळीच असते. आपल्या वाटणीचे चमचे किती आणि ते कशावर खर्च करायचे, हे ठरवायचा अधिकार सुनेकडे असतोच असं नाही.

एका ठिकाणी मात्र विसरणं जिवावर बेततं. आमवातात आणि ल्युपसमध्ये सर्रास दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेली तर तोंडात जखमा होतात, अस्थिमज्जा काम करेनाशी होते आणि माणूस दगावू शकतो. अशा चुका जगभर नोंदल्या गेल्या आहेत. गोळी छोटी, पिवळट, इतर औषधांसारखीच दिसणारी. चिठ्ठीवर इंग्रजीत ‘वन्स वीकली’ लिहिलेलं, घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, आणि घेणारा माणूस धुक्यात. ही गोळी रोजच्या डब्यात ठेवूच नये. पाकिटावर जाड मार्करनं ‘फक्त रविवार’ असं लिहावं, घेतली की भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला खूण करावी, आणि खूण दिसत असेल तर कितीही वाटलं की राहिली आहे, तरी घेऊ नये. त्याबरोबर दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कुठल्या दिवशी, तेही तिथंच लिहावं. घरातल्या दुसऱ्या कुणाला हा नियम माहीत असणं चांगलं.

डॉक्टरांकडे जातानाही असंच. पाच मिनिटांच्या भेटीत नेमकं सांगायचं तेच निसटतं, म्हणून चार ओळी आधी लिहून न्याव्यात: कधीपासून, दिवसाच्या कुठल्या वेळी, कुठलं काम आता जमत नाही, त्याच सुमारास कुठली गोळी बदलली. ‘विसरायला होतं’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात पगारपत्रकात तीन चुका झाल्या, आधी वर्षात एखादी व्हायची’ हे डॉक्टरला जास्त कळतं. एक भेद मात्र घरच्यांनी ओळखायला हवा. धुकं सावकाश येतं, कमीजास्त होतं. काही तासांत किंवा दिवसांत माणूस गोंधळला, असंबद्ध बोलू लागला, ताप आणि डोकेदुखी आली, फीट आली, एक बाजू लुळी पडली, तर ते धुकं नव्हे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना मेंदूचा संसर्ग, आपल्याकडे विशेषतः क्षयाचा, होऊ शकतो आणि तिथं प्रत्येक तास मोलाचा असतो. उलट, बहुतेकांना आतून छळणारी भीती, की हे पुढं अल्झायमरकडे जाणार, ती ल्युपससारख्या आजारात बहुधा निराधार ठरते. बऱ्याच रुग्णांचा बौद्धिक परिणाम वर्षानुवर्षं तसाच राहतो किंवा चढउतार होत राहतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तो वाढू शकतो, म्हणून तिथं ठरावीक काळानं मोजत राहणं शहाणपणाचं.

राहता राहिली नोकरी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगतांची यादी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस तिच्यात नावानिशी आहे; त्या रुग्णांची मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते आहे. ल्युपस आणि शोग्रेन्स यादीत नाहीत. आरक्षणासारख्या लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगतेचा दाखला लागतो, आणि आठवड्यात तीन दिवस बरा असणाऱ्या माणसाची तपासणी नेमकी बऱ्या दिवशी झाली तर टक्के कुठून येणार? तरी एक फट उघडलेली आहे. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या, पण ४० टक्क्यांच्या चौकटीत न बसणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला लेखनिक मिळावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. वाजवी सोय मिळण्याचा हक्क त्या टक्केवारीला बांधलेला नाही, हे त्यात स्पष्ट केलं. निकाल ल्युपसवरचा नव्हता. पण सरकारी कचेरीतली, शाळेतली किंवा बँकेतली धुक्यातली व्यक्ती जे मागेल ते लेखनिकापेक्षा फार मोठं नसतं: सूचना तोंडी न देता लिहून, आकड्यांचं काम सकाळी, एका वेळी एकच फाइल, आणि बसायची जागा फोनच्या टेबलापासून लांब. हे आजवर साहेबांच्या मर्जीवर चालत आलं आहे. आता त्यासाठी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं पत्र जोडून लेखी अर्ज करायला आणि त्यावर पोच घ्यायला हरकत नाही.